बेहदीनमधला ह

आमच्या गाण्याला नामांकन मिळालं तेव्हा मी विक्रोळीच्या घरी कोळंबी सोलत होते. मैत्रिणीचा फोन आला. "हिप-हॉप अवॉर्ड. मराठी गाणं. आपलं." मी ओरडले. ती नाही ओरडली.

"काय झालं गं?"

"फॉर्म आलाय. स्टेजवर काय नावाने बोलवायचं ते लिहायचंय."

तिची आई पारशी, वडील आमच्यासारखे कोकणातले. कॉलेजात सगळे तिला 'बावी', म्हणजे पारशीण, म्हणायचे, रॅपलाही तेच नाव चिकटलं. पण बाप पारशी नसेल तर तिच्या आईच्या समाजात मुलाला पारशी धरत नाहीत. अग्यारीत, त्यांच्या अग्निमंदिरात, तिला कधी आत घेतलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर 'बावी' झळकणार म्हटल्यावर ती बिथरली.

"खरं नाव लिही ना, यार."

"गाणं कशावर आहे आपलं?"

गाणं लोक आपल्याला काय म्हणतात यावरच होतं. माझं कडवं मुंबईत मराठी माणसाला हिणवतात त्या 'घाटी' या शब्दावर, तिचं 'बावी'वर. चार दिवस ती मला नावं पाठवायची आणि मी वाचेपर्यंत पुसून टाकायची. मलाही झोप लागेना. शेवटी रविवारी मी तिला ओढत अंधेरीला तिच्या मामांकडे नेलं.

मामा एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त, एकटे. बहिणीच्या लग्नाला ते गेले नव्हते. भाचीला मात्र दर वाढदिवसाला त्यांच्याकडचं गोड शेव-दही खायला बोलवायचे. प्रश्न ऐकून ते खूश झाले.

"पारसी तर इकडे आल्यावर झालो. इराणातल्या पार्सहून आले, म्हणून पारसी. जुन्या पोथीत आपण मज्दयस्नी, मज्दा देवाला भजणारे. मग जरथोस्ती, जरथुष्ट्राचे. तिकडे इराणात राहिले त्यांना बाकीचे गबर म्हणत, शिवीसारखं. ते आपसात म्हणायचे बेहदीन. चांगल्या धर्माचे."

"यातली मी कोण?"

मामा चष्मा पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

"पारसी मी तुला म्हणू नाही शकत, दीकरा. आमचे लोक ऐकणार नाहीत." मग तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "बेहदीन लिही. चांगला धर्म पाळायला बाप कोण ते कशाला विचारायचं?"

तिने तिथेच मोबाइलवर फॉर्म भरला. जिना उतरताना मात्र म्हणाली, "त्यांनी नवीन नाव दिलं की दारातून परत पाठवलं, कळत नाही."

समारंभ गोरेगावच्या एका स्टुडिओत, दुपारी. मामा इस्त्रीचा सदरा घालून, कानात कापूस घालून चौथ्या रांगेत बसले होते. आम्हाला एकेक कडवं गायचं होतं. निवेदकाने माझं नाव नीट घेतलं आणि मग झोकात ओरडला, "आणि तिच्यासोबत, बेदीन!"

पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. बेदीन, म्हणजे धर्मच नसलेली. मैत्रिणीचा माइक धरलेला हात खाली गेला. बीट सुरू झाला होता, तिचं कडवं पहिलं होतं, आणि ती उभीच.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला. "बेहदीन! ह बोल नी! माझी भाची आहे ती!"

मामा खुर्चीवरून उठून उभे होते, चेहरा लाल. आजूबाजूचे त्यांना खाली बसवत होते, ते बसेनात. ती दोन ओळी उशिरा सुरू झाली, आणि एवढ्या त्वेषाने गायली की माझंच कडवं फिकं पडलं.

पुरस्कार दुसऱ्यांना मिळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात मामांना अग्यारीत सोडायला ती स्कूटरने गेली, मी मागून रिक्षाने. आम्ही फाटकाबाहेर थांबलो. दोनदा तिने स्कूटर चालू करून बंद केली. मामा बाहेर आले ते मूठ मिटून. आधी त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग पटकन तिच्या कपाळाला आतल्या पवित्र अग्नीची राख लावली आणि म्हणाले, "चल आता, उशीर झाला."