एकशे चोपन्नचे आकडेमामा

आकडेमामांनी कुठल्या रोगाचं नाव तोंडानं घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. ते आकडा सांगत. अकोल्याच्या ज्या दवाखान्यात आम्ही कारकुनी केली, तिथं जगभरच्या रोगांची एक जाडजूड यादी आली होती आणि तीत प्रत्येक रोगाला नंबर होता. मामांना ती तोंडपाठ होती. शेजारी आजारी पडला तरी घरी जाऊन सांगायचे, "पांडुरंगले पंचेचाळीस झाला." म्हणजे हगवण! नवीन शिपायाला वाटलं, मामा सट्ट्याचा आकडा देतात. त्यानं खरंच चार आणे लावले आणि गमावले, वर मामांशी आठवडाभर बोलला नाही.

मी लागले त्याच्या आदल्या वर्षी दवाखान्यात एक सर्जन आले होते आणि त्यांच्याबरोबर ती नळी आली होती. हातभर लांब, टोकाला इवलासा दिवा. खालच्या बाजूनं आतड्यात घालून आत बघायची. तोवर आमच्या वऱ्हाडात कंबरेखालचं सगळंच दुखणं 'मूळव्याध' या एका नावाखाली खपायचं. रक्त पडो, गाठ असो, मूळव्याध! लाज मोठी, माणूस लहान. डॉक्टर नळीतून बघून इंग्रजीत चिठ्ठी लिहीत. त्या चिठ्ठीवरून नळीच्या रजिस्टरात आकडा टाकायचा आणि सरकारी नोकर असेल तर त्याचं बिल बनवायचं, हे मामांचं काम. बिलं आणि रजिस्टरची नक्कल दर महिन्याला अमरावतीच्या मोठ्या कचेरीत मंजुरीला जात.

नुसतं बघितलं तर बिल फुटकळ. आतली गाठ कापून काढली तर ते ऑपरेशन, त्याचे पैसे चांगले मिळत. म्हणून लोक मामांच्या टेबलाशी घोटाळत. मूर्तिजापूरचे एक मास्तर हात जोडून म्हणाले, "मामा, तेवढं 'काढलं' लिहा ना." मामा म्हणाले, "मास्तर, तुमची नळी घातली अन् नळीच काढली. नळी काढल्याचे पैसे सरकार देत नाई. पायलं ते पायलं, काढलं ते काढलं." अख्खी कचेरी हसली. मास्तर लालबुंद झाले.

खाडाखोड त्यांना खपत नसे. एकदा लिहिलेला आकडा बदलायचा असेल तर डॉक्टरनं पुन्हा नळी घालून बघितलं पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतः लिहून अमरावतीला पाठवला होता. तिथल्या साहेबांनी तो उचलून धरला. मामांना याचा केवढा अभिमान! जळला मेला तो नियम!

आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतल्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि सरकारी नोकरीत शिरलेली घरातली पहिली मी. पहिल्या दिवशी मी माठातून पाणी घेतलं तर दोघांनी आपापले पेले उचलून खिडकीत ठेवले. मामांनी पाहिलं. उठले, माझ्याच पेल्यात पाणी ओतून घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "काय वं पोरी, उभी काहून? बस, तुले आकडे शिकवतो." मग दीड वर्ष शिकवलं. चूक झाली की डोक्यावर पेन्सिल मारत. आज मी हे सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते वाचून कोणी विचारेल, की बाई, तू नाही का म्हणाली नाहीस? अहो, त्या माणसाला मी नाही कसं म्हणणार होते?

पौषात मामांनाच रक्त पडू लागलं. दोन महिने लपवलं, मग बायकोनं जबरदस्तीनं डॉक्टरांपुढं उभं केलं. डॉक्टरांनी नळी घातली, त्यांना बाजूला बसवून सांगितलं, की लवकर मुंबईला जा, उशीर करू नका. चिठ्ठी मामा स्वतःच घेऊन टेबलाशी आले आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "एकशे चोपन." आतड्याच्या शेवटच्या टोकाचा कॅन्सर.

मी रजिस्टर ओढलं तर त्यांनी माझा हात धरला. "तिथं चारशे एकसट लिव." चारशे एकसष्ट म्हणजे मूळव्याध. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांच्या कुसुमचं लग्न अमरावतीत ठरलं होतं, वैशाखात. नवऱ्या मुलाचा काका त्याच मोठ्या कचेरीत बसून आमचंच रजिस्टर तपासायचा. आकडे त्यालाही पाठ. तेव्हा लोक समजत, की कॅन्सर रक्तातून लेकराबाळांत उतरतो. अशा घरची मुलगी कोण करणार?

"मामा, आणि मुंबई? मूळव्याधीला मुंबईच्या खर्चाची मंजुरी मिळते का?"

"लगन झालं का दुरुस्ती करून घिऊ. तीन महिन्यानं काय होते? तुले माही शपथ हाय, कोणाले बोलू नको."

मी चारशे एकसष्ट लिहिलं. स्वच्छ, सुवाच्य अक्षरात, त्यांनीच वळण लावलेल्या. चिठ्ठी फाडली तीही मीच.

लग्न थाटात झालं. व्याह्यांच्या पंगतीत मामा बुंदी वाढत फिरले, मधेच मांडवाच्या खांबाला धरून उभे राहायचे. ज्येष्ठात आम्ही दुरुस्तीचा कागद पाठवला. उत्तर आलं, की नियमाप्रमाणे पुन्हा नळी घालून बघावं आणि मगच आकडा बदलावा. सर्जनची बदली चैत्रातच झाली होती. नवे आले तर नळीचा दिवा उडालेला, आणि तो मुंबईहून मागवायचा. मामा रोज पार्सल आलं का विचारायचे. मी आमच्या दवाखान्याच्या साहेबांपुढं रडले, चिठ्ठी फाडल्याचं कबूल केलं. साहेब म्हणाले, "बाई, हे बोलू नका, तुमची नोकरी जाईल." आणि मी गप्प बसले. हो, बसले! दिवा भाद्रपदात आला, तेव्हा कुठं आकडा बदलला आणि मंजुरी मिळाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, सहा महिने आधी आला असता तर काढता आलं असतं. मामा कार्तिकात गेले.

महिन्याभरानं कुसुम बापाच्या मृत्यूचा दाखला न्यायला आली. मी कागद दिला. तिला आकडे बापानं लहानपणीच शिकवले होते. तिनं एकशे चोपन्न वाचलं, मग म्हणाली, "मले तं चारशे एकसट सांगतलं होतं. ताई, तुमाले माईत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"लग्नाच्या आधीपासून. त्यांनी मला शपथ घातली होती गं. तुझं लग्न मोडू नये म्हणून."

ती रडली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "मोडलं असतं तं मोडलं असतं. लगन दुसरं झालं असतं, ताई. बाप दुसरा कुठून आणू?"

दाखला घेऊन ती पायऱ्या उतरून गेली. मी तिला बस म्हणायलाही विसरले.