हरकऱ्यांचा राजीनामा

जितेंद्र हरकरे म्हणजे कोथिंबिरीची जुडी फुकट मिळाली तरी शून्य रुपये म्हणून लिहून ठेवणारा माणूस. मूळचा नागपूरचा. भोपाळच्या बाग सेवनियात, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि मंडीदीपच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. कारखान्याचं नाव विचारू नका. या वयात मला कोर्टाच्या पायऱ्या झेपणार नाहीत.

त्याची बायको क्षितिजा मात्र इथलीच. जन्म भोपाळचा, शाळा हिंदी, नोकरी एका वकिलाकडे टायपिस्टची.

जानेवारीत दोघांची जुंपली, तीही ॲपवरून. खर्चाची वही फोनवर न्यायची ठरली होती. तिला हवं होतं निव्वळ खर्चाचं ॲप. बँकेचा मेसेज आला की आकडा आपोआप टिपणार, महिनाअखेरीला दूध किती, पेट्रोल किती ते सांगून गप्प बसणार. त्याला हवं होतं ते दुसरं, ज्यात खर्च, लोणच्याची कृती, सिलिंडरची तारीख, फॅक्टरीची कामं असं सगळं लिहिता येतं आणि दोघांच्या फोनवर दिसतं.

"अहो, आधी तक्ते बनवा, मग पानं जोडा. खर्च लिहायचाय की संसार मांडायचाय?"

"एकदा बनलं की सगळं घर एका जागी, बघ तू."

"सगळं एका जागी कशाला? म्हणून तर घरात खोल्या असतात!"

मी मध्ये तोंड घातलंच. "जितू, कुंकवाची डबी मसाल्याच्या डब्यात ठेवू नये रे. एक दिवस भाजीत जातं."

तो हसला आणि जिंकला. "ठीक है, बनवा तुमचं अजायबघर," म्हणून तिने हात टेकले.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तो इमारतीसमोर, बसथांब्याजवळच्या माझ्या बाकावर येऊन बसला. "काका, कुणाला सांगणार नाही ना?"

लोक मला सांगतात तेच मुळी पसरावं म्हणून. हा प्रश्न विचारणारा हा पहिलाच. मी शब्द दिला.

"चार नंबरच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय. साहेब म्हणतात, तपासला असं लिहून सही कर, बदलू पुढच्या वर्षी. पंधरा तारखेपर्यंत सही, नाहीतर राजीनामा."

"मग?"

"भोपाळमध्ये राहून व्हॉल्व्हवर खोटी सही करू, काका?"

चौऱ्याऐंशीची गॅसची रात्र पाहिलेल्या आमच्या पिढीला त्या वाक्यापुढचं सांगावं लागत नाही.

"राजीनामा देतो. दुसरीकडे बोलणं चाललंय. पक्कं झालं की क्षितिजाला सांगेन."

पण हाताची सवय जाते का? घरी जाऊन त्याने ॲपमध्ये लिहिलं: 'राजीनामा, १५ तारीख.' कामाच्या पानाच्या आत वेगळं पान उघडून लिहिलं, म्हणजे ते आपल्यापुरतं, असं त्याला वाटलं. बाहेरचं पान दोघांचं असलं की आतलंही दोघांचंच राहतं, हे त्या अजायबघराने त्याला सांगितलं नव्हतं.

बारा तारखेला क्षितिजा पेढे घेऊन आली. "काका, तोंड गोड करा. राजीनामा होतोय!"

मी पेढा परत डब्यात ठेवला. "कुणाचा गं?"

"ह्यांचा आणि सुरेश भाऊजींचा! नागपूरच्या घरावरून दोघा भावांची केस, सहा वर्षं चाललीय. मला सरप्राइज देणार म्हणून लपवलंय, पण मी पान बघितलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोन पक्षांचा समझोता. ती दिवसाला तीन टाइप करते. नोकरी सोडणं म्हणजे तिच्या लेखी इस्तीफा. एकच शब्द, नवऱ्याने नागपूरचा लिहिला आणि बायकोने भोपाळचा वाचला.

सांगावं का? पण शब्द दिला होता. "जितूला विचारलंस का?" एवढंच म्हणालो.

"छे! मीपण सरप्राइज देणार. घराचा हिस्सा येणारच, म्हणून आज फ्लॅट बुक केला. चार लाख भरले. परत मिळत नाहीत, पण आता परत हवेत कुणाला?" आणि "आता दिसेलच त्यांना," म्हणत माझ्यासमोर तिने फोनवर खर्चाच्या तक्त्यात आकडा भरला.

आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवलं, तेही नेमकं चुकीच्या दिवशी.

जितेंद्रला तो आकडा बसमध्ये दिसला. उतरून थेट माझ्याकडे आला. "काका, साठवलेलं सगळं गेलं."

"अरे, सांग तिला."

"सांगून परत येणारेत का? पुढच्या महिन्यापासून हप्ता. दुसरीकडचं अजून पक्कं नाही, आता पगार तर हवाच."

सोळा तारखेला क्षितिजा कुरकुरत आली. "राजीनाम्याचं पान पुसलं ह्यांनी. भाऊजी फिरले वाटतं. त्या जागी फॅक्टरीचं काहीतरी लिहिलंय. 'चार नंबर, तपासला', आणि पुढे बरोबरची खूण."

मंडीदीपची बस साडेसहाला थांब्यावर येते. पूर्वी कोण कुणाबरोबर उतरतं ते बघायला मी बसायचो. आता एकाच माणसासाठी बसतो. काल सात वाजले तरी बस नव्हती. क्षितिजा गॅलरीतून ओरडली, "काका, ह्यांची बस दिसली का?"

"येईल गं," मी म्हटलं, आणि मंडीदीपच्या बाजूच्या आकाशाकडे बघत राहिलो.

सव्वासातला आली. जितेंद्र उतरला, माझ्याकडे न बघता खिशातून फोन काढला आणि उभ्याउभ्या बसचं भाडं लिहिलं.