हवावाल्यांच्या घरची हवा

माझे भावोजी इमारतींमधले हीटर, एसी आणि भिंतींमधून, छतांमधून हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट यांची कामं करतात. लोक त्यांना हवावाले म्हणतात. मला विचाराल तर नाकवाले म्हणायला हवं होतं. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून दारातच थांबतो, तोंड मिटतो आणि लांब श्वास घेतो. मग म्हणतो, "सोफ्यामागची जाळी झाकलीय तुम्ही." सोफा सरकवला की मागे जाळी निघतेच, तिच्यावर जुनी रद्दी रचलेली. घरमालकिणीच्या नाकाला मिरच्या झोंबतात, पण दुसऱ्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आत ती पुन्हा यांनाच फोन करते.

मी त्यांची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. समोरच्याच इमारतीत राहते आणि शिवणकाम करते. त्यांच्या घरी जेवायला बसलं की भाजीबरोबर हवेचं व्याख्यान फुकट मिळायचं. खिडक्यांच्या फटी बुजवा, पण ताज्या हवेची झडप बुजवू नका. ऊब कोंडायची असते, श्वास नाही. हीटरमधला हवा गाळणारा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडे आपली बोटं दिसली तर ठीक, नाही दिसली तर तुम्ही हवा घेत नाही, केर खाताय. घरातली धूळ काही सगळी रस्त्यावरून येत नाही, बरीचशी आपलीच असते. कातडीचा भुगा, केस, कपड्यांचे धागे. एवढं झालं की ताई ताट पुढे ढकलायची. "माणसं जेवतायत इथे. कातडी उद्या काढा."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. न्हाऊन आली की ती घरातल्या अरुंद बोळातल्या खालच्या जाळीपाशी बुटक्या स्टुलावर बसून केस विंचरायची. त्या जाळीतून घरातली हवा परत हीटरकडे, उन्हाळ्यात त्याच वाटेनं एसीकडे ओढली जाते, त्यामुळे तिथे सतत हलका वारा असतो आणि केस लवकर वाळतात. भावोजी ओरडायचे, "अगं, सगळे केस माझ्या फिल्टरमध्ये जातात!" ती म्हणायची, "मग बदला की. सगळ्या शहराचे बदलता, बायकोचा एक जड झाला?" तिला डोकेदुखीचा त्रास होता. कपाळाला निलगिरीचं तेल चोळलेलं असायचं, आणि तो वास आणि ओल्या केसांचा वास मिळून जे काही व्हायचं ते म्हणजे आमची ताई. डोळे मिटूनही मला कळायचं, ती कुठल्या खोलीत आहे.

ती गेली ती अचानक. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी दवाखान्यात नेली आणि संध्याकाळी आम्ही तिच्या चपला पिशवीत घालून परत आलो. उन्हाळा होता. घरातला एसी चालूच राहिला होता. भावोजी आत गेले आणि सगळ्यात आधी त्यांनी तो बंद केला. एसी बंद करून ते तिथेच बोळात खाली बसले.

मग थंडी आली. पहिल्याच गार संध्याकाळी मी डब्यात भात-आमटी घेऊन गेले, तर ते बैठकीत दिवा न लावता बसलेले. बोळातल्या कपाटात हीटर पेटल्याचा टक् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पंखा सुरू झाला, पत्रा कुरकुरला आणि वरच्या जाळीतून ऊब खाली आली. पडदा हलला. आणि ताई खोलीत आली.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण निलगिरी आणि ओले केस. मी डबा हातात घेऊन उभीच राहिले, बसलेलीच नव्हते तरी उठून उभं राहिल्यासारखं वाटलं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुलाही आला ना?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "कसला? मला सर्दी आहे." आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतर मला त्या घरी जायला रोज काही ना काही कारण सापडू लागलं. कधी डबा, कधी त्यांच्या शर्टाचं बटण, कधी नुसतं "वाटेत होते." समोरच्या इमारतीत राहणारी बाई वाटेत कशी असेल, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दिवेलागणीला आम्ही दोघं बैठकीत गप्प बसायचो. हीटर टक् करायचा. पंखा फिरायचा. ती यायची.

एकदा ते कामावर असताना माझ्या मनात आलं की माणूस दुःखात आहे, निदान त्याच्या घराची साफसफाई तरी करावी. कपाटात नवे फिल्टर खोक्यांत पडून होते. मी हीटरचं झाकण उघडलं, जुना फिल्टर बोटभर बाहेर ओढला, तेवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. भावोजी होते, कामावरून लवकर परतलेले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"हात लावायचा नाही!"

"अहो, काळाठिक्कर पडलाय तो."

"काळा नाही, तिचा आहे." मग मनगट सोडून ते हळू आवाजात बोलू लागले. "धाकटे, ती जायच्या आधी आठच दिवस मी हा बसवला होता. शेवटचं जे काही तिचं या घरातल्या हवेत होतं, ते इथे अडकलंय. केस, कातडी, ते तेल. हवा गरम झाली की वास सुटतो. हा काढला की ती गेली."

मी बाजूला सरकले. फिल्टर त्यांनीच आत सरकवला, एखाद्या झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसा.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या घराची पार रया गेली. जाळ्यांच्या कडेनं छतावर करड्या रेघोट्या उमटल्या. फिल्टरमधून वारा जाईना, म्हणून हीटर तापून मध्येच बंद पडायचा आणि गार झाला की पुन्हा सुरू व्हायचा, जिना चढताना धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. खोली एकदा भट्टी व्हायची, एकदा बर्फासारखी गार. बिल वाढलं ते वेगळंच. दुसऱ्याच्या घरी हे दिसलं असतं तर भावोजींनी त्या माणसाला फाडून खाल्लं असतं. इथे मात्र ते पंख्याचा वेग वाढवायचे, कपाटाला कान लावायचे आणि काहीतरी पुटपुटायचे.

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

"हीटरला शिव्या देतोय."

"शिव्या देताना कुणी 'अगं' म्हणत नाही, भावोजी."

खरं सांगायचं तर वासही बदलत चालला होता. निलगिरी पुसट झाली होती, जळक्या धुळीचा वास वर येत होता. कधीकधी दवाखान्यातल्या त्या शेवटच्या खोलीची आठवण व्हायची. म्हणजे येणारी ताईच होती, पण आजारी ताई. मला भीती वाटू लागली. तरी मी जायचं सोडलं नाही.

त्याच थंडीत माझी भाची, म्हणजे भावोजींची मुलगी, तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. जावई कामासाठी दूरदेशी होते आणि तिच्या भाड्याच्या खोलीत नीट ऊब नव्हती. "बाबांच्या घराइतकी चांगली हवा कुठे मिळणार मला?" ती म्हणाली. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तरी मीच तिची बॅग आत नेली.

पाळणा बैठकीत ठेवला, वरच्या जाळीखाली, तिथे सगळ्यात उबदार म्हणून. दिवेलागणीला पंखा सुरू झाला की ते पोर हातपाय मारणं थांबवायचं आणि टक लावून जाळीकडे पाहायचं. मग बोळकं पसरून हसायचं. भाची एकदा सहज म्हणाली, "बघा, आजीशी बोलतोय." आमच्यापैकी कुणीच हसलं नाही. ती गोंधळून एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली.

काही दिवसांनी बाळाला खोकला लागला. आधी वाटलं सर्दी असेल. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दूध ओढताना ते मध्येच सोडून द्यायचं, दमून. भावोजी रोज पाळण्यापाशी वाकून तो आवाज ऐकायचे. यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस. त्यांना काही कळत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

एका सकाळी बाळाचे ओठ फिकट दिसले आणि बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जाऊ लागली. आम्ही तिघं त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे पळालो. त्यांनी त्याच्या तोंडाला मास्क लावून वाफेचं औषध दिलं, छाती तपासली आणि म्हणाल्या, "आज बरं वाटेल. पण पुन्हा असंच झालं तर दाखल करावं लागेल, आणि एवढ्या लहान जीवाचं मी काही खात्रीनं सांगू शकत नाही. घरात धूळ, धूर, ओल असं काही? हीटरचा फिल्टर बदलला आहे का?"

भाचीच उत्तर देऊन मोकळी झाली. अभिमानानं. "माझ्या बाबांचं तेच काम आहे. सगळं शहर त्यांना हवावाले म्हणतं."

"मग तो प्रश्नच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दुसरंच काही विचारू लागल्या.

भावोजी भिंतीला टेकून उभे होते. कुणीतरी तोंडात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही.

बाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "लेकराला तुझ्याकडे ने. मी सांगेपर्यंत माझ्या घरात आणायचं नाही." भाचीनं कारण विचारलं, तर ते म्हणाले, "घरची हवा खराब आहे. माझ्यामुळे आहे." एवढं बोलून ते झपाझप पुढे गेले.

मी माय-लेकरांना माझ्या खोलीत बसवलं, शिवणाचं मशीन आणि कापडाचे गठ्ठे बाहेर काढले, खिडकी थोडी उघडून दिली आणि समोर गेले. भावोजींनी हीटर बंद केला होता, सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. कपाटासमोर जमिनीवर बसून त्यांनी हळूहळू फिल्टर बाहेर ओढला.

तो फिल्टर राहिलाच नव्हता. घोंगडीसारखा जाड करडा नमदा झाला होता. त्यात ठिकठिकाणी लांब केस विणल्यासारखे अडकले होते, काही काळे, काही पांढरे. ते केस मी ओळखले. लहानपणी त्यांच्या वेण्या मी घातल्या होत्या, ताई माझ्यासमोर बसायची आणि ओढलं की किंचाळायची. माझा सगळा शहाणपणा तिथेच संपला.

भावोजींनी नवा फिल्टर खोक्यातून काढला, तेव्हा मी कपाटाच्या दारावर हात ठेवला.

"आज एकदा," मी म्हटलं. "बाळ इथे नाही. पोरगीही नाही. हाच परत घाला, पंखा लावा. एकदाच, भावोजी. मी दार लावून घेते."

मला वाटलं होतं ते आनंदानं ऐकतील. वेड तर त्यांचंच होतं, असं मी दोन हिवाळे स्वतःला समजावत होते. त्यांनी माझा हात दारावरून अलगद काढला.

"धाकटे," ते म्हणाले, "मी रोज असंच म्हणत होतो. आज एकदाच."

त्यांनी तो जुना फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकला. मी खिडकीतून पाहिलं नाही. मग त्यांनी पंख्याची पाती पुसली, जाळ्या उतरवून धुतल्या, डक्टमधून लांब ब्रश फिरवला. मी बादल्या भरून देत होते. पाणी करडं निघायचं, मी मोरीत ओतायची. बुटकं स्टूल त्यांनी पुसून आत खोलीत नेलं. दुपार त्यातच गेली. ऊन सरकून समोरच्या भिंतीवर गेलं तेव्हा त्यांनी खिडक्या लावल्या आणि हीटर सुरू केला.

टक्. मग पंखा. हीटर आता धापा टाकत नव्हता, आवाजही जवळजवळ नव्हता. आम्ही दोघं वरच्या जाळीखाली उभे राहिलो. पडदा हलला. उबदार हवा माझ्या तोंडावर आली. मी डोळे मिटले आणि श्वास घेतला, पुन्हा घेतला, नाक पुसून पुन्हा घेतला. धुतलेला पत्रा, नवं पुठ्ठ्याचं खोकं. बाकी काही नाही.

भावोजींचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"जा," शेवटी ते म्हणाले. "लेकराला घेऊन ये."

मला पाय उचलवेना. त्यांनी माझी थोडी वाट पाहिली, मग चपला घालून स्वतःच जिना उतरून गेले. पंखा चालू होता. मी त्या बैठकीत उभी होते, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात मी एकटी होते.