आधी लिहायचं, मग तोंड धुवायचं

चष्मा काढला की बाईंच्या चेहऱ्यावर दोन स्वच्छ गोल दिसत. तेवढी जागा सोडली तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं मुरमाच्या धुळीने तांबूस झालेलं असे. रविवारी संध्याकाळी त्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत अशाच येत. पदराने चष्म्याच्या काचा पुसत आणि खुर्ची ओढून लिहायला बसत. कोणी म्हणालं, "बाई, आधी तोंड तरी धुवा," तर मान वर न करता म्हणत, "आधी लिहायचं, मग तोंड धुवायचं. धूळ गेली की शर्यतही जाते."

नाशकात राहून ज्यांनी त्या शर्यती पाहिलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात, तिथे एक उघडा माळ आहे. शनिवार-रविवारी तिथे मोटारींच्या शर्यती होतात. गाड्या साध्याच, तुमच्या-आमच्या दारात कधी काळी उभ्या असतील अशा. मागची बाकं काढलेली, काचा काढलेल्या, आत माणूस वाचावा म्हणून लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गॅरेजवाले, शेतकऱ्यांची मुलं, अंबडच्या कारखान्यांतले कामगार असे लोक त्या चालवतात. चार-चार गाड्या एकदम सुटतात आणि पहिल्या वळणाला चारही धुळीत नाहीशा होतात. कोण पुढे आहे ते धूळ खाली बसेपर्यंत देवालाही कळत नसावं.

बाईंना कळत असे, असं मी म्हणणार नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं.

त्यांचं सदर होतं 'माळावरून'. शुक्रवारी अंदाज, सोमवारी वृत्तांत. शुक्रवारी त्या ठणकावून सांगत की या रविवारी कोण जिंकेल आणि का. सोमवारी पहिल्याच वाक्यात स्वतःचा हिशेब देत. 'शुक्रवारी मी अमुक म्हणाले होते. मी चुकले.' किंवा, क्वचित, 'मी बरोबर होते.' त्यानंतर शर्यत. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

आमच्या संपादकांना, ज्यांना सगळे साहेब म्हणत, हा क्रम खुपत असे. एकदा ते मजकूर हातात धरून बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, दर सोमवारी 'मी चुकले, मी चुकले' काय लावलंय? वाचक शुक्रवारचं विसरतो हो."

"मी विसरत नाही ना, साहेब."

"मग असं करू. शुक्रवारचा अंदाज बंद करू. सोमवारी नुसता निकाल. तुम्हालाही त्रास नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "निकाल तर फलकावर लागतो. तो छापायला मी कशाला? मी आधी बोलते, तोंडघशी पडते आणि लोकांसमोर उठते. हे जमत नसेल तर दोन्ही बंद करा. अर्धं मी लिहिणार नाही."

साहेबांनी दोन्ही चालू ठेवलं. पुढच्या सोमवारी बाई पुन्हा चुकलेल्या होत्या आणि तसं लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

मी त्या कचेरीत मजकूर तपासायचो. बाईंचा कागद माझ्याकडे यायचा तो धुळीसकट. माझ्या टेबलावर नेहमी एखादं पुस्तक असे, तेवढ्यावरून त्या मला मास्तर म्हणत. मी आयुष्यात कोणाला शिकवलेलं नाही. "मास्तर, तुमच्या पानांना वाळवी लागेल, पण धूळ नाही लागायची," असं म्हणून त्या हसत. "एकदा चला माळावर. धूळ खाल्ल्याशिवाय मोटारींचं वाचूसुद्धा नये." मी मान डोलवायचो आणि जायचो नाही. मला गर्दी सोसत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आग्रह धरला नाही, पण बोलावणं कधी थांबवलंही नाही.

नोकरी त्यांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातच केली होती, भांडार विभागात. "उभी हयात राख खाल्ली, आता मुरूम खाते. चव बदलली, एवढंच." निवृत्त झाल्यावर इंदिरानगरला भावाच्या कुटुंबासोबत राहत. सुती साडी, पायात पांढरे कापडी बूट, डोक्यावर भाच्याची जुनी क्रिकेटची टोपी. माळावर पहिल्यांदा गेल्या तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, "आजी, घरी कोणी नाही का?"

"आहेत ना, भरपूर आहेत. म्हणून तर रविवारी इथे येते."

आयोजक त्यांच्यासाठी मंडपात खुर्ची ठेवत, पाण्याची बाटली, नारळपाणी. बाई नारळपाणी पीत आणि चालत निघत थेट तिसऱ्या वळणावर. तिथे गाड्या आडव्या होतात आणि सगळा मुरूम बघणाऱ्याच्या अंगावर येतो. "मंडपातून शर्यत दिसत नाही, पाहुणे दिसतात," असं त्यांनी छापूनच टाकलं होतं. आयोजकांनी पुढच्या रविवारी पुन्हा खुर्ची ठेवली. आयोजकही चिवट होते, पण बाई त्याहून.

त्यांचं सगळ्यात जुनं भांडण होतं वैभवशी. वैभव नामपूरचा. घरचा कांदा, घरचा टेम्पो, आणि त्या टेम्पोत घालून आणलेली लाल रंगाची जुनी मारुती आठशे. तो बहुतेक वेळा दुसरा-तिसरा यायचा, आणि बाई त्याच्याबद्दल दर सोमवारी तेच लिहायच्या. 'वैभव गाडी चालवत नाही, तिच्यावर ओरडतो. तिसऱ्या वळणावर आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायला हवा. तो वळण आल्यावर काढतो.'

एका मंगळवारी तो पेपर हातात घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला. "बाई कोठे शे?"

त्या नेमक्या मजकूर द्यायला आल्या होत्या. "इथे शे. ये, बैस. चहा घेशील?"

"चहा नको. बाई, तुम्ही कधी बसल्या का त्या गाडीत? बाहेर उभं राहून लिवणं लय सोपं हाय."

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "खरं बोललास. या शनिवारी सरावाला बसते. शिरस्त्राण आण, माझं डोकं लहान आहे."

आणि बसल्या. साडीचा ओचा खोचून, पिंजऱ्याच्या नळीला धरून, माळाला पूर्ण फेरी. मी पाहिलं नाही. पाहणारे सांगतात की उतरताना वैभव त्यांना धरायला पुढे झाला तर त्यांनी त्याचा हात झटकला. सोमवारच्या वृत्तांतात एक छोटा परिच्छेद होता: 'मी वैभवच्या गाडीत बसले. त्याचं धाडस मोठं आहे. वळणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.'

त्यानंतर नामपूरहून दर हंगामाला कांद्याची एक गोणी इंदिरानगरला पोचू लागली. बाई ती घेत आणि सोमवारी तेच लिहीत.

मग खोकला सुरू झाला. आधी आम्ही धुळीचा समजलो, त्याही तसंच म्हणत राहिल्या. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो दाखवून माळ बंद करायला सांगितलं. त्या माळावर गेल्या, तोंडाला दुहेरी फडकं बांधून. कचेरीच्या जिन्यात मधल्या पायरीवर बसून दम घेऊ लागल्या. मी एकदा खाली जाऊन म्हणालो, "बाई, फोनवर सांगत जा. मी लिहून घेईन."

"मास्तर, सांगेन. पण बघायचं कोणी?"

शेवटचा अंदाज त्यांनी इस्पितळातून सांगितला. मी खाटेशेजारी बसून लिहून घेतला. प्राणवायूची नळी बाजूला करून त्या एकेक वाक्य सोडत होत्या. 'या रविवारी इम्रान जिंकेल. त्याने इंजिन नवीन बसवलेलं नाही, जुनंच समजून घेतलं आहे. वैभव दुसरा येईल, आणि का, ते तुम्हाला पाठ आहे.' एवढं झाल्यावर हसल्या, खोकल्या. मग माझं मनगट धरलं. त्या पकडीत ताकद नव्हती, हट्ट मात्र तोच होता.

"सोमवारचं राहता कामा नये. मी बोललेय. उत्तर द्यायला लागेल."

"तुम्हीच द्याल," मी म्हणालो. अशा वेळी माणूस म्हणतो तसं.

शुक्रवारी अंदाज छापून आला. शनिवारी सकाळी बाई गेल्या.

दुपारी स्मशानभूमीत माळावरची सगळी मंडळी होती. एरवी रंगीत जॅकेटं घालणारे, त्या दिवशी पांढऱ्या शर्टात अवघडून उभे. बुद्धवंदना झाली, अग्नी दिला. परतताना फाटकापाशी आयोजकांनी सगळ्यांना थांबवलं.

"उद्या शर्यत होईल. बाईंनाही तेच आवडलं असतं. माझं एकच म्हणणं आहे." त्यांनी वैभवकडे पाहिलं. "बाई इम्रानचं नाव सांगून गेल्यात. शेवटचा शब्द आहे त्यांचा. तो खरा व्हावा. समजून घ्या म्हणजे झालं."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एकाने डोळे पुसले. गंजमाळला गॅरेज चालवणारा इम्रान खाली बघत होता. मलाही, खरं सांगतो, क्षणभर ते बरं वाटलं.

"मी सोडणार नाय," वैभव म्हणाला.

"अरे, मेलेल्या माणसाचा तरी मान..."

"मानच करतोय!" त्याचा आवाज फाटला. "बाईंनी मला कधी सोडलं का? एवढे कांदे खाल्ले माझे, एक ओळ गोड लिवली नाय. आन् मी त्यांना सोडू? त्यांचा अंदाज काय भीक हाय, आपण वाटीत टाकायला?"

मग इम्रानने मान वर केली. "भाई, तू सोडणार असतास, तर मी गाडीच काढली नसती."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सोमवारी सदराच्या जागी बाईंचा फोटो टाकू, चौकटीत चार ओळी, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वृत्तांत येईल," मी म्हणालो.

"कोण देणार?"

"मी."

"तुम्ही? माळावर?" ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

रविवारी मी रिक्षाने गेलो. आयोजकांनी मंडपातली रिकामी खुर्ची दाखवली. तिच्यावर कोणी शेवंतीचा हार ठेवला होता. मी नमस्कार केला आणि तिसऱ्या वळणाकडे चालू लागलो. दोरीपाशी एक जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. मी तिथे उभा राहिलो.

गाड्यांचा आवाज आधी पायांतून येतो, मग कानांत. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. चार गाड्या वळणावर आल्या, आडव्या झाल्या, आणि मुरूम माझ्या तोंडावर असा आला की जणू कोणी ओंजळीने मारला. दातांत कचकच झाली. मागे सरावंसं वाटलं. सरलो नाही.

इम्रान पुढे होता. त्याची पांढरी गाडी वळणाआधीच शांत व्हायची आणि सुईतून दोरा जावा तशी निघायची. बाईंनी त्याच्यात काय पाहिलं ते मला पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं. त्याच्यामागे वैभव, दर फेरीला वळणावर येऊन मग पाय काढणारा, शेपूट फेकणारा, इंजिन किंचाळवणारा. शेवटच्या फेरीला दोघे बरोबरीने आले. इम्रानने बाहेरची बाजू दाबून धरली, जराही ढिलाई नाही. वैभवने पाय काढायला आणखीच उशीर केला. मला वाटलं, उलटली. लाल गाडी दोन चाकांवर गेली, परत पडली आणि आतल्या बाजूने निघून गेली. धूळ खाली बसली तेव्हा ती इम्रानच्या आधी शेवटच्या रेषेच्या पलीकडे होती.

वैभव मंडपाकडे गेला नाही. गाडी फिरवून वळणावर आला आणि त्या मोकळ्या जागेसमोर, म्हणजे माझ्यासमोर, थांबला. शिरस्त्राण काढलं. चेहरा धुळीने माखलेला, त्यावर दोन ओल्या रेघा.

"लिवा, मास्तर. बाई चुकल्या म्हणून लिवा."

"लिहितो."

"आन् वळणावर?"

"वळणावर ओरडलास."

"तेबी लिवा," तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. इम्रान पायी चालत आला. खिडकीतून आत हात घालून त्याने वैभवच्या पाठीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

कचेरीत पोचलो तेव्हा साहेब माझीच वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एरवी जे विचारलं असतं ते विचारलं नाही. फक्त म्हणाले, "निदान सुरुवात जरा जपून करा. लोक हळवे आहेत."

"सुरुवात बाईंनी ठरवलेली आहे, साहेब."

मी मोरीत गेलो. सवयीने नळ सोडला. आरशात पाहिलं, चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल, बाकी सगळा माळ. पाणी वाहत होतं. मी नळ बंद केला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, बाहेर येऊन खुर्ची ओढली आणि लिहिलं:

'शुक्रवारी बाई म्हणाल्या होत्या की इम्रान जिंकेल. बाई चुकल्या.'