आईने काढलेलं थेट विमानाचं तिकीट

ती कवळ्या बनवायची. बावीस वर्षं एका तळघरातल्या लॅबमध्ये, दिव्याखाली मान घालून. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि म्हणायचे, बाईंच्या हातची कवळी तोंडात आहे हे माणूस आठवड्याभरात विसरतो.

आई दुसऱ्या शहरात एकटी राहायची. दोन विमानतळांमधलं अंतर पाचशे ऐंशी किलोमीटर, थेट विमानाने एक तास दहा मिनिटं. पण चार वर्षांपूर्वी, कामाने जीव मेटाकुटीला आलेला असताना आईने फोनवर विचारलं होतं, "उद्या येऊन जातेस का गं?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "थेट विमान नाहीये आई. मधे बदलावं लागतं. येण्यातच दिवस मोडतो."

"मग नको बाई," आई म्हणाली.

बोललेलं मागे घ्यायचं राहून गेलं, पुढे तर ते सोयीचंच पडलं. वर्षातून एकदा ती जायची, तीही प्रवासाने थकल्याचं सोंग आणून.

आईचे उरलेसुरले दात पडले तेव्हा तिथल्या दंतवैद्याकडून माप मागवून हिनेच कवळी बनवली आणि कुरिअरने पाठवली. फोनवर विचारलं, "बसली का नीट?"

"बसली की. झकास."

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी लॅबमध्ये आईचा फोन आला. "मी तुमच्या विमानतळावर उतरलेय. कुठल्या दाराशी थांबू?"

हातातलं काम टाकून ती निघाली. रस्ताभर जुळवाजुळव चालली होती. थेट विमान नुकतंच सुरू झालंय, असं सांगावं का? मग स्वतःचीच किळस आली.

आईने विमानाबद्दल चकार शब्द काढला नाही. "कवळी टोचते गं जरा," एवढंच म्हणाली.

लॅबमध्ये दिव्याखाली पाहिलं तर डाव्या हिरडीवर जुना व्रण होता. आठ महिने आई सगळं भिजवून, कुस्करून खात होती.

"तिथल्या डॉक्टरांना का नाही दाखवलीस?"

"तू केलेली आहे. दुसऱ्याने हात लावायला नको वाटलं."

कड राईएवढी घासायची होती, पाच मिनिटांचं काम. तिने यंत्र उचललं. सुरू न करताच पुन्हा खाली ठेवलं.

"आई, मी तुला खोटं सांगितलं होतं. विमान..."

"थेट आहे. ठाऊक आहे मला. शेजारणीचा जावई सकाळी इकडे येतो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. तीन वर्षं बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मुलगी लांब आहे म्हणून येत नाही, असं म्हटलं की मनाला बरं वाटतं. जवळ असून येत नाही म्हणजे..." आईने टेबलावरची कवळी उचलून तिच्या हातात दिली. "घे, घास."

आई चार दिवस राहिली. ती रागावली असती तर हिला सोपं गेलं असतं. आईने फक्त कपाटं आवरून दिली. परत जाताना हिने आपलंही तिकीट काढलं. विमान वर जाऊन सरळ झालं न झालं तोच उतरायला लागलं. आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती, आणि हिला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आता ती दर महिन्याला जाते. माफी मागायचा तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईने विषय बदलला, आणि तिसऱ्यांदा तो काढायचा तिला धीर झालेला नाही.