निरंक गावांचा नकाशा

माझ्या थोरल्या साडूंइतका गोंधळलेला माणूस आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर सापडणार नाही आणि घाटाखालीही नाही. आणि तरीही जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक नियम असतो, तो गावागणिक बदलतो आणि नीट पाहिलं तर दिसतो, याची त्यांच्याइतकी खात्री असलेला माणूसही दुसरा नव्हता. हे दोघे एकाच सदऱ्यात कसे मावत, हे कोडं मला त्यांच्या हयातीत सुटलं नाही. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला, मी शाळेत शिकवत असल्यामुळे, मास्तर म्हणत. ‘मास्तर, एक गोष्ट इचारू का?’ अशी त्यांनी सुरुवात केली की माझी बायको चहाचं आधण उतरवून भाताचं चढवी. एक गोष्ट विचारायला आलेले भाऊ जेवल्याशिवाय जात नसत, आणि जाताना आम्हा दोघांनाही, ती एक गोष्ट नेमकी कोणती होती, ते आठवत नसे.

लग्नात ते मांडवात कमी आणि मांडवाच्या दाराशी जास्त असत. तिथे चपलांचा ढीग असतो. मेहकरकडची माणसं चपला बाहेर तोंड करून काढतात, मलकापूरची आत तोंड करून, आणि जालन्याच्या हद्दीवरची एकीवर एक चढवून ठेवतात, असा त्यांचा अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचा सिद्धांत होता. एकदा एका भल्या गृहस्थांना त्यांनी चपलेवरून थेट ‘पाहुणे, तुम्ही सिंदखेडराजाकडचे ना?’ असं विचारलं. गृहस्थ बुलढाण्याचेच निघाले, भाऊंच्याच गल्लीतले, आणि चपला साल्याच्या होत्या. कोणीही ओशाळला असता. भाऊंनी खिशातून डायरी काढली, आणि साला कुठला, एवढंच शांतपणे विचारून घेतलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. भाऊ एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या टेबलावर पोरक्या मुलांचं काम आलं होतं. बाप किंवा आईबाप दोन्ही गेलेल्या मुलाच्या पालनपोषणासाठी सरकार दरमहा थोडी मदत देई. त्याचे अर्ज गावोगावहून येत आणि भाऊंनी ते गाववार लावून ठेवायचे, एवढंच काम. दुसऱ्या कोणी गठ्ठे बांधून फडताळात टाकले असते. भाऊंनी घरच्या बैठकीची भिंत चुन्याने सारवून घेतली, तिच्यावर गेरूने आख्खा जिल्हा काढला आणि एका अर्जाला एक या हिशेबाने तुरीचे दाणे खळीने चिकटवायला सुरुवात केली. चिकटवायचं काम वच्छीचं. वच्छी म्हणजे भाऊंच्या मयत बहिणीची मुलगी. बापही गेला तेव्हा, दीड वर्षाची असताना, त्यांच्याकडे आली, आणि आता आठवीत होती. त्यांचे स्वतःचे तीन मुलगे, पण बोटं वच्छीची बारीक म्हणून जिल्हा तिच्या ताब्यात होता. ‘भाऊजी,’ माझ्या मेव्हणीने, म्हणजे अक्कांनी, एकदा मला सांगितलं, ‘लोकायच्या भित्तीवर देव असतेत. आमच्या भित्तीवर तालुके हायेत. हळदकुंकू कोनाले लावू, मेहकरले का चिखलीले?’

त्या नकाशाने आम्हा सगळ्यांचीच डोकी फिरवली. एका महिन्यात डोणगावकडची मागणी एकदम निम्म्यावर आली. भाऊ तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. डोणगाव मोठं गाव, व्यापारउदीम आहे, तेव्हा सुबत्ता वाढली असावी, असा अहवाल त्यांनी लिहायलाही घेतला. चौथ्या दिवशी वच्छीने उंदीर पाहिला. तो भिंतीलगतच्या पेटीवर चढून, जेवढं तोंडाला येई तेवढं, म्हणजे नकाशाचा खालचा मेहकर तालुका, रोज खात होता. बुलढाण्याजवळचं देऊळघाट भिंतीवर उंच असल्यामुळे वाचलं होतं.

उंदराचा बंदोबस्त झाल्यावर जे चित्र राहिलं ते मात्र खरं होतं, आणि त्याने भाऊंची झोप उडवली. घाटावर, दक्षिणेकडे, दाणेच दाणे. डोणगावच्या नावावर तर बोट ठेवायला जागा नाही. देऊळघाटाला मध्यम. आणि उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरकडच्या गावांत, पांढरी भिंत. एक दाणा नाही. दर महिन्याला तिकडून कागद येई आणि त्यावर एकच शब्द असे: निरंक, म्हणजे एकही अर्ज नाही. भाऊंचं स्वतःचं गाव त्याच पांढऱ्या भागात. ‘मास्तर, तिकडं काय मानसं मरत नाईत?’ ते मला विचारत. ‘मरतेत. म्यां स्वतः खांदा देल्ला हाये. मंग लेकरं कुठं जातेत?’ मला शाळेतून पळालेली मुलं कुठे जातात हेही सांगता येत नसे.

मग सिद्धांत आले. कापसाचा आला, गेला. ज्वारीचा आला. सगळ्यात जास्त टिकला तो खाऱ्या पाण्याचा. तिकडच्या विहिरींना खारट पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्याने माणसाची मागण्याची वृत्ती मरत असावी, असं भाऊंच्या मनाने घेतलं. नुसतं मनात घेऊन थांबतील तर ते भाऊ कसले! त्यांनी एसटीच्या टपावरून दोन डबे खारं पाणी आणवलं आणि आपल्याला काही मागावंसं वाटतं का, ते पाहत आठ दिवस तेच प्यायले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांकडे लिंबू मागितलं, चौथ्या दिवशी औषध मागितलं, आणि पाचव्या दिवसापासून ते एकच गोष्ट वारंवार मागत होते, ती म्हणजे परसाकडे जायचा लोटा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भाऊंच्या कचेरीत नवे साहेब आले. पुण्याकडचे, नीटनेटके, आणि भाऊंचं वऱ्हाडी बोलणं ऐकताना कपाळाला बारीक आठी घालणारे. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, ‘उत्तरेकडे मागणीच नाही. मार्चअखेर तिकडचं काम बंद करू आणि तिकडची तरतूद डोणगावकडे वळवू.’ यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. भाऊंना मात्र घाम फुटला. एकदा बंद झालेलं सरकारी काम पुन्हा सुरू होत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या गावांतली पोरं कायमची कागदाबाहेर जाणार होती. ‘मास्तर, माह्या हातानं माह्याच गावाची लेकरं पुसल्या जाऊन राह्यली,’ ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. माझी बायको घाबरली ती तेव्हा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते मला बरोबर घेऊन गावी गेले. आधी एसटी, मग बैलगाडी. चावडीवर पटवारी होता, पाचसहा जाणती माणसं होती, आणि भाऊंचा लहानपणचा सोबती किसना होता. किसनाचा भाऊ आणि भावजय दोन वर्षांत गेले होते आणि त्यांची दोन पोरं किसनाच्या घरी होती. भाऊंनी त्याच्यापुढे अर्जाचा कागद ठेवला. पद्धत अशी होती की पालकाने पाच पंचांसमक्ष जबाब द्यायचा, आणि जबाबाचं वाक्य छापीलच होतं: या मुलास कोणीही नाही. पटवाऱ्याने ते वाचून दाखवलं. किसना ऐकून घेत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, ‘तेरवीच्या पंगतीत हे दोघं माह्या ताटात जेवले. ह्याच पाच मानसायनं पाह्यलं. आता त्याहीच्याच पुढं उभं राहून सांगू का, ह्याहीचं कोनी नाई म्हनून? मंग मी कोन हावो?’

मला त्यानंतर कळलं की त्या गावांची ही रीतच आहे. आईबाप गेले की तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या दिवशी, मामा, काका, जो कोणी मूल घेणार असेल तो, सगळ्या सोयऱ्यांदेखत त्याला आपल्या ताटात जेवायला बसवतो. त्या घासानंतर ते मूल कोणाचं, हे गावात कोणी विचारत नाही. विचारणं वाईट समजतात.

‘पन गड्या, सरकार मदत देऊन राह्यलं, नुसतं म्हनाले काय जाते?’ भाऊ म्हणाले.

‘काई जात नाई ना? मंग तू म्हन. तुह्याकडं बी वच्छी हाये. तू भरला का फारम?’

भाऊंनी अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला. परतीच्या गाडीत ते म्हणाले, ‘मास्तर, दोन वर्सं भित्तीपुढं उभा हावो. वच्छी माह्या हातात दाने देते. पन ते पोरगी ह्या नकाशातली हाये, हे माह्या डोक्यात एक डाव नाई आलं. काऊन नाई आलं?’ मी म्हटलं, ‘तुमच्या डोक्यात नाही आलं, तसंच त्यांच्याही नाही येत, म्हणून तर तिकडे निरंक आहे.’ मी हे सहज बोललो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच काही सुचलंय की काय, असा मला संशय आला. डोणगावकडे का दाणेच दाणे, तेही मग चौकशीअंती कळलं: तिकडे बहुतेक विधवा आयाच अर्ज करत, आणि तिथला एक मास्तर त्यांना फॉर्म भरून देई, पंचांपुढे कोणी काही मोठ्याने वाचतच नसे. नियम वगैरे काही नव्हताच.

साहेबांना हे समजावून देणं हा वेगळाच घोळ झाला. भाऊंनी आग्रह केला म्हणून मीही गेलो होतो. साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, ‘म्हणजे ती मुलं निराधार आहेत, की नाहीत?’

‘हायेत साहेब.’

‘मग अर्ज का नाहीत?’

‘काऊन की ते निराधार नाईत, साहेब.’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ‘एकच काहीतरी ठरवा,’ ते म्हणाले. भाऊ म्हणाले की ठरवायचं काम पंचांनी तेरवीलाच केलं आहे, आता सरकारने फक्त प्रश्न बदलावा. ‘याचं कोनी नाई ना’ हे विचारू नये. ‘हे मूल कोनाजवळ हाये’ एवढं विचारावं. साहेबांना यातलं किती समजलं कोण जाणे. पण त्यांनी स्वतःच्या पेनाने छापील वाक्यावर काट मारली, वर नवं वाक्य लिहिलं आणि ‘या भागापुरतं, मार्चअखेरपर्यंत’ असं म्हणून सही केली. भाऊंच्या बोलण्यावर आठी घालणाऱ्या त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं.

दुसऱ्या खेपेला वच्छीही आमच्याबरोबर होती. चावडीवर माणसं जमली, पण पहिला कोणीच होईना. तेव्हा भाऊंनीच वच्छीचा अर्ज पुढे केला. सरकारी नोकराचा अर्ज टिकणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी केला. पटवाऱ्याने विचारलं, ‘हे मूल कोणाजवळ आहे?’ भाऊ ताठ उभे राहिले आणि ‘माह्याजवळ’ असं इतक्या मोठ्याने म्हणाले की वच्छी लाजून माझ्या मागे गेली. ‘लिवलं का?’ त्यांनी विचारलं. ‘लिहिलं,’ पटवारी म्हणाला. ‘मंग वाचून दाखवा.’ त्याने वाचून दाखवलं. भाऊंनी पुन्हा वाचायला लावलं.

मग काय, रांग लागली. किसनाने दोन्ही पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून जबाब दिला आणि आपलं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. बौद्धपुऱ्यातली एक म्हातारी नातवाला घेऊन आली. तिच्याकडे तेरवीही नव्हती आणि ताटाची रीतही नव्हती, पण आधीचं वाक्य तिच्याही तोंडून निघालं नव्हतं. ‘माह्याजवळ हाये, अन मी हावो तवर राहील,’ असं तिने सांगितलं. शेजारच्या गावांतही तेच झालं. मार्चअखेर उत्तरेकडून इतके अर्ज आले की साहेब पुन्हा गोंधळले आणि त्यांनी भाऊंना, एकदम मागणी वाढण्याचं कारण काय, असा लेखी खुलासा विचारला. तो खुलासा सतरा पानी होता आणि माझ्या माहितीप्रमाणे तो कोणालाही समजला नाही. पण तिकडचं काम बंद झालं नाही. त्या पोरांना मदत मिळाली.

वच्छीचा अर्ज मे महिन्यात परत आला. त्यावर लिहिलं होतं: ‘सदर मुलीचे पालनपोषण तिचे मामा पूर्णपणे करीत असल्याने अर्ज नामंजूर.’ खाली सही आणि गोल शिक्का. मी समजूत घालायला गेलो, तर भाऊ मिठाई वाटत होते. वच्छीला दत्तक घेतल्याचा कागद नव्हता, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, आणि ती भाऊंची आहे असं लिहिलेला जगातला हा पहिलाच कागद होता, तोही सरकारने लिहिलेला. त्यांनी तो काचेच्या चौकटीत बसवून घेतला.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात त्यांना फारसं दिसत नसे. मी गेलो की ते उशालगतची चौकट माझ्या हातात देत आणि म्हणत, ‘मास्तर, वाचा.’ मी वाचायचो. ‘पूर्णपने म्हनलं हाये ना?’ ते विचारत. ‘हो भाऊ, पूर्णपणे.’ मग ते डोळे मिटत. माणसं कोणत्या गावची आणि का तशी, हे मला त्यांच्याकडून शिकायचं होतं, ते राहून गेलं. मला त्यांची फार आठवण येते. ती चौकट आता मलकापूरला वच्छीच्या घरी आहे. परवा तिच्या सुनेने नवखेपणाने विचारलं, ‘आई, नामंजूर झालेला कागद का लावलाय?’ वच्छी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘पूर्ण वाच.’