गावचा नसलेला डावा कोपरा

गरिबीत माणसं प्रेमळ होतात असं कुणी लिहिलेलं दिसलं की मी पुस्तक मिटतो. आमच्या घरात गरिबीनं कुणी प्रेमळ झालं नव्हतं. आबा साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. गोण्या वाहून पाठ इतकी सोललेली असायची की घरी आल्यावर ती भिंतीला टेकवायचीही सोय नसे. आई तिथंच कांदा निवडायची. फुटका, कोंब आलेला कांदा घरी न्यायची मुभा होती, म्हणून आमची भाजी कांद्याची, कालवण कांद्याचं, आणि शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही ते त्या वासामुळं. राहायला मार्केटाजवळच्या आगरी गावात भाड्याची खोली. गावात आम्हाला एकच नाव होतं, घाटी.

त्या गावाचा एक कबड्डी संघ होता आणि संघाला एक अध्यक्ष. दोन ट्रक आणि पांढरे बूट एवढ्या भांडवलावर तो अध्यक्ष झाला होता. कबड्डीतलं त्याला इतकंच कळायचं की शेवटी हार आपल्या गळ्यात पडला पाहिजे.

मी डावा कोपरा खेळायचो. टाळ्या मिळतात त्या चढाई करणाऱ्यांना. मांडीवर थाप मारली, आत गेले, हात लावून पळून आले की झाले हिरो. कोपऱ्यातला माणूस वाकून उभा असतो आणि फक्त पाय बघत असतो. कोणता पाय जड पडतो, कधी पडतो. तो पडला की घोटा धरायचा. जरा उशीर झाला तर तोंडावर लाथ. हे मला कुणी शिकवलं नाही. संघातले चढाईवाले माझ्या हातातून घोटे सोडवू शकले नाहीत, म्हणून मला संघात घेतलं. प्रेमानं नव्हे.

मला फार काही नको होतं. एखाद्या संघात अशी जागा हवी होती, जिथून कुणी ‘ऊठ’ म्हणणार नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. उलव्याला सामने होते. तेव्हा उलवे म्हणजे भातखाचरं आणि चार वाटा. नियम असा की ज्या गावचा संघ, त्याच गावचे खेळाडू. आधीच्या फेऱ्या मी खेळलो, कुणी हूं की चूं केलं नाही. अंतिम सामन्यात मात्र समोरच्यांच्या मुख्य चढाईवाल्याचा घोटा मी लागोपाठ धरला आणि त्यांचा एक माणूस उठून ओरडला,

“पंच, ह्यो पोऱ्या गावचा नाय! घाटी हाय घाटी! याचा बाप मार्केटान गोनी उचलतो!”

पंचांनी अध्यक्षाला विचारलं. खरं सांगितलं असतं तर सगळा संघ बाद. अध्यक्ष खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

“आमचा नाय तो,” तो म्हणाला. “पोरांना पानी द्याला आनलाय. चुकून उतरला असंल.”

चुकून! आणि पंचांना ते पटलं. पटणारच, दुपारचं मटण याच्याच ट्रकमधून आलं होतं. संघाचं बनियन माझ्या अंगातून तिथंच, भर मैदानात काढून घेतलं. रोज माझ्याबरोबर सराव करणारे उरलेले सहा मर्द गडी चुन्याच्या रेघेकडे बघत राहिले.

घरी आलो तेव्हा आबा भाकरी खात होते. मी झालं ते सांगितलं.

“मग पाजलंस का पाणी?” आबा म्हणाले.

“चेष्टा करू नका, आबा.”

“जिंकली का ती?”

“हरली.”

“मग रडतूस कशाला? आरं, दुसऱ्याच्या गावासाठी घाम गाळायचा आसंल तर मार्केटात ये. तितं हमाली तरी मिळती.”

“त्यो मार्केटात येणार न्हाई,” आई स्टोव्हपुढनं म्हणाली. विषय संपला.

बारावी कशीबशी झालेली होती. विद्यापीठाच्या संघात कॉलेजची पोरं घेतात असं कळलं आणि मी वाशीच्या एका कॉलेजात गेलो. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. ती भाषणं दुसऱ्यांनी करावीत. त्या संघात गाव विचारत नाहीत, म्हणून गेलो. जिमखान्याच्या सरांनी विचारलं, “काय खेळतोस?”

“डावा कोपरा.”

“धर याला.”

त्यांनी चढाईला सोडलेल्या पोराला मी धरलं.

“उद्यापासून ये,” सर म्हणाले. “पण नापास झालास तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर संघ नाही. डोक्यात शिरलं?”

शिरलं. म्हणून मी अकाउंट्स गिरवलं, इंग्रजीचे पॅरेग्राफ अर्थ न कळता पाठ केले आणि मग हळूहळू अर्थही कळायला लागला. वर्गात शिकल्यासवरल्या घरांतली पोरं होती, क्लासच्या नोट्स बगलेत मारून कॅन्टीनला बसणारी. माझ्या हाताला कांद्याचा वास येतो म्हणून नाक मुरडायची. त्यातली बरीच लटकली. मला लटकून परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. पेपरात बारीक टायपात नाव आलं आणि अध्यक्ष आमच्या खोलीवर आला. इतक्या वर्षांत त्याचे पांढरे बूट आमच्या गल्लीत पहिल्यांदाच उमटले.

“काय रं, गावाला इसरला काय? तू तं आपलाच पोऱ्या. औंदा कप्तान करू तुला.”

“शेट, गावचेच खेळाडू लागतात ना?”

“नियम काय, आपलेच हायेत.”

“तुमचे असतील. माझी परीक्षा आहे.”

आबांनी त्याला ‘बसा’ म्हटलं नाही. खोलीत बसायला काही नव्हतं हे खरं, पण असतं तरी म्हटलं नसतं.

खेळाडूवृत्तीनं सगळं विसरून जावं, असं मला अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगातून कधी बनियन काढून घेतलेलं नाही. मी विसरलो नाही, विसरणारही नाही.

तिसऱ्या वर्षी हंगाम संपता संपता गुडघा गेला आणि खेळ थांबला. विद्यापीठाकडून मी दोन हंगाम डावा कोपरा खेळलो. एकाही सामन्यात मला कुणी ‘ऊठ’ म्हटलं नाही. त्याच वर्षी बी.कॉम. झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला.